मूठमाती देईल तो वारस

इ.स.पू. ११४५च्या सुमारास नाईलच्या पश्चिम काठावरच्या कारागिरांच्या वस्तीत नौनाख्त नावाची एक म्हातारी बाई गावच्या पंचांसमोर उभी राहिली आणि तिनं आपलं मृत्युपत्र सांगितलं. पाचव्या रामसेस राजाच्या कारकिर्दीचं ते तिसरं वर्ष. तिचं म्हणणं थोडक्यात असं : मी स्वतंत्र बाई आहे. आठ मुलं वाढवली, त्यांना रीतीप्रमाणे संसार थाटून दिले. आता मी थकले, तर काही जण माझ्याकडे फिरकतही नाहीत. ज्यांनी हात दिला त्यांना माझं मिळेल, ज्यांनी दिला नाही त्यांना मिळणार नाही. वडिलांच्या दोन तृतीयांश हिश्श्यात सगळ्या मुलांचा वाटा कायम राहिला. पण नौनाख्तच्या स्वतःच्या एक तृतीयांशातून काहींची नावं गेली. एका मुलाला वाट्यावर कांस्याचं एक भांडं जादा मिळालं. तो पपायरस आज ऑक्सफर्डच्या अ‍ॅशमोलियन संग्रहालयात आहे.

मी सातारा जिल्ह्यात दिवाणी वकिली केली. वारसनोंदी, वाटणीपत्रं, बांधाचे आणि पाटाच्या पाण्याचे दावे यांत माझी उमेदीची वर्षं गेली. निवृत्तीनंतर इजिप्तबद्दल वाचायला घेतलं ते नौनाख्तमुळे. तिच्यासारख्या आया मी माझ्या टेबलासमोर बसलेल्या पाहिल्या आहेत. त्यांनीही हेच शब्द वापरले आहेत आणि सही करताना त्यांचा हात थरथरलेला मी पाहिला आहे.

नौनाख्तचं गाव म्हणजे आजचं देर अल-मदिना. लुक्सॉर शहरातून नावेनं पलीकडे गेलं की डोंगराच्या कुशीत ते लागतं. घरांच्या बुटक्या दगडी भिंती उरल्या आहेत, मधून एक अरुंद गल्ली जाते. राजांच्या दरीतली थडगी खोदणारे आणि रंगवणारे कारागीर पिढ्यानुपिढ्या इथे राहिले. त्यांच्यात लिहिता-वाचता येणारे बरेच होते, म्हणून त्यांची भांडणं, उसनवारी, रजेची कारणं, सगळं आपल्यापर्यंत पोचलं. नौनाख्तचा पहिला नवरा केनहिरखोपेशेफ हा इथलाच लेखनिक. पपायरसच्या गुंडाळ्या जमवण्याची त्याला आवड होती. १९२८मध्ये इथे सापडलेलं एक मोठं दप्तर याच कुटुंबात हस्ते-परहस्ते आलं असावं, असं अभ्यासक मानतात. त्या दप्तरात एक गोष्ट होती, तीही पाचव्या रामसेसच्याच काळात उतरवून घेतलेली. ती गोष्ट म्हणजे देवांच्या दरबारात ऐंशी वर्षं चाललेला वारसाहक्काचा दावा आहे.

इजिप्तचं राजेपण आणि इजिप्तचा परलोक या दोन्ही कल्पनांची किल्ली त्या दाव्यात आहे, असं माझं ठाम मत आहे. मेलेल्याच्या जागी कोण बसणार, आणि कशाच्या आधारावर? इजिप्तनं तीन हजार वर्षं या प्रश्नाचं एकच उत्तर दिलं : ज्यानं मेलेल्याचं नीट केलं, तो.

देवांची भाऊबंदकी

ओसायरिस हा इजिप्तचा राजा. त्याची बहीण आणि राणी आयसिस. त्याचा भाऊ सेथ दांडगट, वाळवंटाचा आणि वादळाचा देव. सेथनं ओसायरिसला ठार मारलं. इजिप्तचे जुने लेख या खुनाचं वर्णन टाळतात, नुसता उल्लेख करून पुढे जातात. सविस्तर हकिकत मिळते ती प्लूटार्क या ग्रीक लेखकाकडे. त्याच्या सांगण्याप्रमाणे सेथनं देहाचे चौदा तुकडे करून देशभर विखुरले आणि आयसिसनं ते एकेक करून शोधले. अनुबिस देवानं तो देह लेपून, पट्ट्यांत गुंडाळून तयार केला. तीच पहिली ममी. आयसिसला त्या देहापासून मुलगा झाला, होरस. सेथच्या भीतीनं तिनं त्याला नाईलच्या मुखाजवळच्या दलदलीत लपवून वाढवलं. ओसायरिस या जगात परतला नाही. तो मृतांचा राजा झाला आणि त्याची इथली गादी रिकामी राहिली.

दाव्याची गोष्ट इथून सुरू होते. होरस वादी, सेथ प्रतिवादी, न्यायासनावर सूर्यदेव रा आणि देवांची सभा. होरसचा आधार एकच, मी मुलगा आहे. सेथचा आधार बळाचा, मी समर्थ आहे. सूर्यदेवाचा कल सेथकडे. होरस त्याला पोरगेला वाटतो. नीथ या वडीलधाऱ्या देवीचं मत मागवलं जातं. ती कळवते, गादी होरसला द्या आणि सेथला दुप्पट मालमत्ता देऊन समाधान करा. तरी निकाल लागत नाही. तारखा पडत राहतात.

आयसिसनं त्यात एक डाव टाकला. सेथच्या हट्टामुळे सभा एका बेटावर हलवली होती आणि आयसिसला नावेत घ्यायचं नाही, अशी नावाड्याला ताकीद होती. तिनं म्हातारीचं रूप घेतलं, नावाड्याला सोन्याची अंगठी दिली आणि पलीकडे गेली. तिथे सुंदर तरुणी होऊन सेथला म्हणाली, माझा नवरा गुराखी होता. तो गेल्यावर मुलगा गुरं राखू लागला. आता एक परका माणूस येऊन गुरं बळकावू पाहतो, मुलाला हाकलून देतो. सेथ भाळलेला होता. तो म्हणाला, मुलगा जिवंत असताना परक्याला गुरं कशी द्यायची? आयसिस घार होऊन झाडावर जाऊन बसली आणि वरून म्हणाली, तुझ्याच तोंडानं तुझा निकाल झाला. उलटतपासणीत साक्षीदाराकडून असं एक वाक्य मिळावं म्हणून वकील वर्षानुवर्षं वाट पाहतात.

तरीही सेथ मागे हटला नाही. दोघं पाणघोड्यांची रूपं घेऊन लढले, दगडी नावांची शर्यत झाली. शेवटी ओसायरिसला परलोकात पत्र गेलं. त्याचं उत्तर कडक होतं. तुम्ही खाता ते धान्य मी पिकवतो, माझ्या मुलावर अन्याय का? आणि माझ्या राज्यातले दूत कुठल्याही देवाला भीत नाहीत, हे ध्यानात ठेवा. शेवटी सगळ्यांना माझ्याकडेच यायचं आहे. यावर सभा गप्प झाली आणि होरसला मुकुट मिळाला.

सेथला मात्र कुणी संपवलं नाही. सूर्यदेवानं त्याला आपल्याजवळ ठेवून घेतलं, आकाशात गडगडण्याचं काम दिलं. इतर ग्रंथांत सूर्याच्या नावेच्या नाळेवर उभा राहून एपेप या अजस्र सापाला भाल्यानं भोसकणारा तोच असतो. भाऊबंदकीच्या दाव्यात हरलेल्याला जगण्याची जागा दिली नाही तर निकाल कागदावरच राहतो, हे त्या गोष्टीच्या कर्त्याला पक्कं माहीत होतं.

गादीवरचा ससाणा

प्रत्येक राजाच्या राज्यारोहणात हीच गोष्ट नव्यानं घडे. राजा जिवंत आहे तोवर तो होरस. मेला की ओसायरिस. त्याच्या जागी येणारा नवा होरस. माणसं बदलत, जागा तीच राही. इ.स.पू. ३१००च्या सुमारास कोरलेली नार्मेर राजाची पाटी आज कैरोत आहे. तिच्या एका बाजूला राजा शत्रूवर गदा उगारून उभा आहे आणि समोर होरसचा ससाणा एका कैद्याच्या नाकात अडकवलेली दोरी धरून बसला आहे. अगदी सुरुवातीच्या राजांची नावं राजवाड्याच्या चौकटीत लिहिली जात आणि चौकटीवर ससाणा बसलेला असे. पुढे राजाला पाच नावं असत. त्यांतलं पहिलं होरस-नावच राहिलं.

हे पद राजाला हवं तसं वापरता येत नसे. देवांनी राजाला नेमलं ते मातसाठी. मात म्हणजे सत्य, न्याय आणि जगाचा समतोल. तीच देवी, डोक्यावर शहामृगाचं एक पीस खोवलेली. देवळांच्या भिंतींवर राजा तिची छोटी मूर्ती तळहातावर घेऊन देवाला अर्पण करताना दिसतो. मी सांभाळायला दिलेलं सांभाळलं, असा तो हिशेब आहे. पूर वेळेवर आला, धान्य कोठारात पडलं, दुबळ्याचं शेत बळकटानं गिळलं नाही, तर राजा राजा.

हा हिशेब चुकला तर काय होई, तेही देर अल-मदिनाच्याच कागदांत आहे. तिसऱ्या रामसेसच्या २९व्या वर्षी, म्हणजे इ.स.पू. ११५७च्या आसपास, कारागिरांचं धान्य थकलं. त्यांनी हत्यारं खाली ठेवली, वस्तीबाहेर पडले आणि तिसऱ्या थुतमोसच्या देवळामागे जाऊन बसले. आम्हाला भूक आणि तहान इथे घेऊन आली, अंगाला कपडा नाही, तेल नाही, मासळी नाही, भाजी नाही. राजाला कळवा, अशी त्यांची मागणी होती. नोंदवला गेलेला हा जगातला पहिला संप मानला जातो. त्याची टिपणं ट्युरिनच्या संग्रहालयात आहेत. राजाला देव मानणाऱ्या या माणसांना देवानं पोटाला घातलं पाहिजे, हेही तितकंच मान्य होतं.

ज्याचा हक्क कच्चा, त्याला पुरावा अधिक भक्कम लागतो. इ.स.पू. १४७३च्या सुमारास हातशेप्सूत ही बाई राजा झाली. देर अल-बहारीच्या देवळात तिनं आपल्या जन्माची कथा कोरून घेतली आहे : अमुन देव तिच्या वडिलांच्या रूपात आईकडे येतो, मेंढ्याचं डोकं असलेला ख्नुम देव कुंभाराच्या चाकावर तिला घडवतो. तिच्यामागे कित्येक ठिकाणी तिचं नाव खोडलं गेलं. अबायडोस इथल्या देवळात पहिल्या सेतीनं पूर्वज राजांची ७६ नावांची यादी कोरवली आहे, तिच्यातही ती नाही. इजिप्तमध्ये नाव हा माणसाचाच एक भाग असे, देहाइतकाच खरा. नाव चढवणं म्हणजे जगवणं आणि नाव कमी करणं म्हणजे मेलेल्याला पुन्हा मारणं.

तुतनखामुनच्या थडग्यातली उत्तर भिंत

हॉवर्ड कार्टरला ४ नोव्हेंबर १९२२ रोजी तुतनखामुनच्या थडग्याची पहिली पायरी सापडली. आत पाच हजारांवर वस्तू होत्या. सोन्याचा मुखवटा जगभर गाजला. मला तिथल्या उत्तर भिंतीवरचं एक चित्र त्याहून मोलाचं वाटतं.

तुतनखामुन इ.स.पू. १३२३च्या सुमारास, एकोणिसाव्या वर्षाच्या आसपास वारला. त्याच्या थडग्यात दोन अर्भकांचे ममी केलेले देह मिळाले. गादीला जिवंत मूल नव्हतं. भिंतीवर तो ओसायरिसच्या रूपात, पट्ट्यांत गुंडाळलेला उभा आहे. त्याच्यासमोर बिबट्याचं कातडं पांघरलेला, निळा मुकुट घातलेला पुरुष हातातलं वाकसासारखं हत्यार त्याच्या तोंडाकडे नेतो आहे. मृताचं तोंड उघडण्याचा हा विधी. त्यामुळे मृताला पुन्हा खाता, बोलता, श्वास घेता येतो, अशी श्रद्धा. हा विधी मुलानं बापासाठी करायचा, होरसनं ओसायरिससाठी. इथे तो करणारा आहे आय, दरबारातला वयोवृद्ध अधिकारी. तो राजाचा मुलगा नव्हता, मृत राजापेक्षा वयानं कितीतरी मोठा होता. त्याचं नाव राजाच्या चौकटीत, चित्रातच लिहिलेलं आहे.

राजांच्या थडग्यांत नव्या राजाचं असं चित्र सहसा काढत नसत. आयनं ते काढवलं, कारण त्याला त्याची गरज होती. मी या राजाला मूठमाती दिली, म्हणून मी वारस, असा तो भिंतीवर रंगवलेला दस्तऐवज आहे. दार बंद झाल्यावर तो कुणी वाचणार नव्हता. तो देवांसाठी होता.

हा नियम राजांपुरता राहिला नाही. कैरोच्या संग्रहालयात देर अल-मदिनाच्या काळातला आणखी एक पपायरस आहे, आईच्या मालमत्तेच्या वादाचा. त्यात फॅरोच्या, म्हणजे राजाच्या, कायद्याचाच आधार दिला आहे : जो पुरतो त्याला मालमत्ता मिळावी. आपल्याकडेही धर्मशास्त्रानं पिंड आणि वारसा यांची गाठ घातली. बंगालच्या दायभाग परंपरेत तर पिंडाचा अधिकार हाच वारसाहक्काचा पाया ठरला. इजिप्तनं ती गाठ गादीपासून घरातल्या भांड्यापर्यंत सगळीकडे बांधली.

राजाचा परलोक प्रजेच्या हाती

सुरुवातीला आकाशात जाण्याचा मार्ग राजापुरता होता. सक्काऱ्यातल्या उनास राजाच्या पिरॅमिडमध्ये, इ.स.पू. २३५०च्या सुमारास, पहिल्यांदा भिंतींवर मंत्र कोरले गेले. गॅस्तों मास्पेरोनं १८८१मध्ये तो पिरॅमिड उघडला. छतावर तारे कोरले आहेत आणि भिंतींवर राजानं ओसायरिस कसं व्हावं, ताऱ्यांत कसं मिसळावं याचे मंत्र. शंभर-दोनशे वर्षांत मध्यवर्ती सत्ता ढिली झाली, प्रांतांचे अधिकारी बळावले, आणि हे मंत्र त्यांच्या लाकडी शवपेट्यांवर दिसू लागले. इ.स.पू. १५००नंतर तर ते पपायरसच्या गुंडाळ्यांवर आले. आपण ज्याला मृतांचा ग्रंथ म्हणतो तो हाच. काही गुंडाळ्या आधीच लिहून ठेवलेल्या असत, गिऱ्हाइकाच्या नावाची जागा तेवढी कोरी. आता लेखनिक, सुतार, त्याची बायको, ज्याला परवडेल तो मेल्यावर ओसायरिस होत होता. राजाचा वारसा प्रजेकडे आला.

त्यासोबत राजाची जबाबदारीही आली. आता प्रत्येकाला ओसायरिसच्या दरबारात उभं राहावं लागे. ब्रिटिश म्युझियममधला हुनेफेर नावाच्या माणसाचा पपायरस पाहा. अनुबिस त्याला हाताला धरून आणतो. तराजूच्या एका पारड्यात हृदय, दुसऱ्यात मातचं पीस. लेखनाचा देव थॉथ लेखणी घेऊन निकाल टिपायला उभा. शेजारी अम्मित, मगरीचं तोंड, सिंहाची छाती आणि पाणघोड्याचं मागलं अंग असलेली, खोट्याचं हृदय गिळायला टपलेली. ४२ न्यायदेवतांसमोर माणूस सांगतो की आपण काय केलं नाही : चोरी केली नाही, खून केला नाही, कुणाला रडवलं नाही, कुणाला उपाशी ठेवलं नाही, तराजूत खोट केली नाही, लेकरांच्या तोंडचं दूध काढलं नाही, वाहत्या पाण्याला बांध घालून ते अडवलं नाही. पाटाच्या पाण्यावरून कुऱ्हाडी निघालेल्या मी पाहिल्या आहेत. पाणी अडवणं हे पाप साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकरी संस्कृतीनं खुनाच्या यादीत का ठेवलं, ते मला कुणी समजावून सांगायला नको.

ममी करताना फुफ्फुसं, यकृत, जठर आणि आतडी काढून वेगळी ठेवत. मेंदू नाकावाटे काढून टाकत. वाडी नत्रूनच्या खाऱ्या सोड्यात देह सुकवत. सगळी तयारी सत्तर दिवसांची. हृदय मात्र जागेवर राहू देत, कारण जाणीव आणि आठवण तिथे असते असं ते मानत. म्हणूनच छातीवर दगडी भुंगा ठेवत आणि त्यावर स्वतःच्याच हृदयाला विनवणी कोरत, की दरबारात माझ्याविरुद्ध उभं राहू नकोस. सगळ्यात धोक्याचा फितूर साक्षीदार आपल्या आतच असतो, हे ज्यांनी ओळखलं त्यांच्या न्यायबुद्धीला मी मानते.

तराजूत जो टिकला त्याला काय मिळे? देर अल-मदिनात सेनेजेम या कारागिराचं थडगं आहे, १८८६मध्ये सापडलेलं. अरुंद पायऱ्यांनी खाली उतरलं की पिवळ्याधमक रंगाची छोटी खोली लागते. एका भिंतीवर इआरूची शेतं आहेत, म्हणजे त्यांचा स्वर्ग. सेनेजेम आणि त्याची बायको पांढरीशुभ्र वस्त्रं नेसून नांगरतायत, पेरतायत, कापणी करतायत. भोवती पाणी भरून वाहतं, खजुराची झाडं फळांनी लगडली आहेत. आयुष्यभर राजांसाठी दगड फोडलेल्या माणसाला स्वर्गात हवं होतं स्वतःचं शेत आणि शेजारी बायको. त्याच खोलीत त्यांचा मुलगा बिबट्याचं कातडं पांघरून आईवडिलांना अर्पण करताना दाखवला आहे. तुतनखामुनच्या भिंतीवर आयनं जी जागा घेतली, ती इथे कारागिराच्या पोरानं घेतली आहे.

या सगळ्यात बळकटाला पळवाट नव्हती, असं मी म्हणणार नाही. मंत्र विकत मिळत. स्वर्गातल्या शेतात राबायला लागू नये म्हणून थडग्यात उशब्ती नावाच्या छोट्या मूर्ती ठेवत, मालकाचं नाव पुकारलं की त्यांनी हजर म्हणून कामाला लागायचं. तुतनखामुनजवळ अशा ४१३ होत्या. गरिबाचा देह वाळूत पुरला जाई, त्याच्यापाशी पपायरस नसे. तरीही त्या संस्कृतीनं आपल्या सगळ्यात मोठ्या गोष्टीत बळापेक्षा नात्याला आणि नात्यापेक्षा कर्तव्याला वर ठेवलं. सेथ समर्थ होता, तरी त्याला गादी मिळाली नाही. होरस मुलगा होता, तेही एकटं पुरलं नाही. त्याला बापासाठी ऐंशी वर्षं उभं राहावं लागलं. नौनाख्तची आठही मुलं तिच्या पोटची होती आणि तिनं त्यांच्यातही निवड केली.

आपल्या कायद्यात हक्क जन्मानं येतो, आणि तो तसाच यावा. मुलींना समान वाटा मिळाला तो त्याच तत्त्वानं. पण कायद्यानं हक्क मिळाला म्हणजे देणं फिटलं, असं समजणारे वारस मी फार पाहिले. मृत्यूच्या दाखल्याची प्रत घ्यायला ते सगळ्यात आधी येत. इजिप्तच्या लोकांनी या दोन गोष्टी एकत्र धरल्या : ज्याच्या जागी बसायचं त्याचं करायचं, आणि केल्याचा हिशेब एक दिवस द्यायचा. राजालाही त्यातून सूट नव्हती. तुम्ही कधी लुक्सॉरला गेलात तर तुतनखामुनच्या थडग्यात उत्तर भिंतीपाशी थांबा, आणि मग आवर्जून देर अल-मदिनालाही जा. राजाची भिंत आणि कारागिराची भिंत एकाच दिवशी पाहिलीत, तर इजिप्तनं काय मिळवलं होतं ते तुमच्या लक्षात येईल.